मरळीसाठी कडक काठी

ऐंशी सालाच्या आसपास आम्ही चिखल्याच्या खाणीच्या वसाहतीत राहत होतो. त्या भादव्यात यजमानांना मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण पोटात अन्न टिकेना. पेज, मुगाचं पाणी, साबुदाणा; ज्या क्रमाने दिलं त्याच क्रमाने उलटून पडलं. डॉक्टर म्हणाले, "आता औषधापेक्षा खाणं महत्त्वाचं. काहीही खाऊ दे." म्हणजे त्यांचे उपाय संपले होते.

"तुमाले काय खावंसं वाटते?" मी यांना विचारलं.

"मरळ."

आमच्याकडे आजारातून उठलेल्याला मरळच देतात. काटे कमी, रस्सा हलका. बाजारात मिळायचा तो बर्फातला रोहू. त्याच्या वासानेच यांना मळमळायचं. मरळ वसाहतीजवळच्या तळ्यात होती, आणि ती धरणारा माणूस खाटेवर.

वळचणीला यांच्या मासे धरायच्या काठ्या होत्या. मी हाताला हलकी लागली ती घेतली. टोकाकडे निमुळती, छान लवणारी. तिला तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, आणि दोऱ्याला आमिष म्हणून यांनी जुन्या स्लिपरच्या रबरातून कापलेली बेडकी, पोटाखाली गळ. कमळाच्या पानांवरून बेडकी ओढली की पाणी फुटायचं, मरळ झडप घालायची, मी झटका द्यायची आणि बेडकी तेवढी परत यायची. रोज हेच. घाटावर धुणं धुणाऱ्या बाया हसायच्या.

"काहून वो बाई, मरळीले खेळवाले येतेस का?"

मी पुन्हा बेडकी टाकायची. घरी यांची बरगडी न बरगडी दिसत होती. कूस बदलून द्यायला आता मी एकटी पुरत होते.

शेवटी यांनीच विचारलं, "झटका देल्ला का काठी कुठवर वाकते?"

"मधापर्यंत."

"बेडकी सोड, दोऱ्याचं टोक माह्या मुठीत दे. अंगणात जा आन् झटका दे."

मी दारातून बाहेर गेले, काठी उचलून जोरात हिसका दिला.

"देल्ला का?"

"देल्ला ना!"

"मले त माशी बसल्यावानी वाटलं. काठी वाकते, तंगूस तानते, जोर गेला कुठं? मरळीचा जबडा हाडाचा रायते वो. तुले तिले धराचं आहे का झोका द्याचा आहे?"

मग खाटेवरून हुकूम सुटले. भरीव बांबूची जाड काठी काढ. तंगूस सोड, मेण लावलेला सुती दोरा बांध, तो ताणत नाही.

"हे धूड फेकू कशी?"

"फेकाची नाही. दोरा काठीपेक्षा आखूड ठेव. बेडकी पानावर ठेव, मंग हळूच पाण्यात उतरव. झडप दिसली तरी ओढू नको. मरळ खाली जाऊ दे, मंग मार."

पुन्हा टोक यांच्या मुठीत, पुन्हा मी अंगणात. या वेळी दोरा मुठीतून सण्णकन निघून माझ्याकडे आला. आत हे हसत होते. मी आत गेले तर हात खाटेखाली लोंबत होता. झटक्याने पडला होता, आणि तो वर घ्यायचा जोर यांच्यात नव्हता. मी उचलून पांघरुणावर ठेवला. वजन असं काही लागलंच नाही.

"आता बराबर आहे," हे डोळे मिटून म्हणाले.

मी थांबले नाही. काठी घेऊन तळं गाठलं. जाड बांबू धरून खांदे भरून आले, बेडकी कितीदा पानावर ठेवली, कितीदा उतरवली. आज नाही मिळाली तर उद्या मिळवून काय करू, एवढंच डोक्यात होतं. मग पाणी फुटलं. मी दात आवळून थांबले. दोरा खाली सरकला तेव्हा अंगातला होता नव्हता तो जोर लावला. काठी वाकली नाही. गळ बसल्याचा धक्का थेट खांद्यात आला. मी पाठमोरी चालत मरळ चिखलात ओढली आणि लुगड्यासकट तिच्यावर पडले. रोज हसणाऱ्या त्या बायाच धावत आल्या.

शिजवण्याआधी यांनी मरळीचं डोकं दाखवायला लावलं. गळ वरच्या जबड्यात हाडापर्यंत रुतला होता. "हं," एवढंच म्हणाले.

हळद, मीठ, लसूण, तिखट नाही. मऊ भातावर रस्सा घालून भरवला. खाटेशी उलटीसाठी घमेल्यात राख पसरून ठेवली होती, नेहमीसारखी. मी यांच्या गळ्याकडे बघत बसले.

"काय पाहून रायली?"

"काही नाही."

यांना झोप लागली. शेजारणीने हाक मारली, मी दार लोटून घेतलं. खोलीत अंधार झाला तेव्हा घमेलं चाचपून पाहिलं. राख कोरडी होती.