फोटोवालीचा धबधबा

"गाठोडं सोडल्याशिवाय घर लागत नाही," असं फोटोवाली मावशी कायम म्हणायची. नवरा गेल्यावर एक गाठोडं आणि गळ्यात कॅमेरा एवढ्यावर ती आमच्या गावात आली, तेव्हापासूनचं तिचं हे बोलणं. ती ओळखपत्राचे फोटो काढायची, कॉम्प्युटरवर नवरा-नवरीच्या मागे डोंगर नाहीतर राजवाडा लावून द्यायची, सीड्याही राइट करून द्यायची.

माझ्या दादाची नजर गेली, त्या वर्षी तो भिंतीकडे तोंड करून बसून असायचा. गोष्टी लिहिणारा माणूस तो. त्याच्याच तोंडून ऐकत ऐकत मी लिहायला शिकलो. त्याची एक गोष्ट अर्ध्यावर पडली होती.

दाजींनी शहरातून सीडी पाठवली. ती घालून कॉम्प्युटर चालू केला की तो बोलतो, जे अक्षर दाबाल ते उच्चारतो, असं त्यांनी कळवलं होतं. आम्ही ती घरच्या कॉम्प्युटरमध्ये घातली. यंत्र गरगरलं आणि गप्प झालं. दादा म्हणाला, पुरे झालं, आता परत काही आणू नका.

मी ती सीडी घेऊन मावशीकडे गेलो. तिनं ती उघडून पाहिली आणि गालात हसली.

"दाजींनी डबा झाकणासकट वाढलाय रे."

इंटरनेटवरून लवकर उतरावी म्हणून फाइल दाबून बांधलेली असते, ती आधी सोडायची, मग आतून सीडीचा अख्खा साचा निघतो, तो कोऱ्या सीडीवर उमटवायचा, असं तिनं समजावलं. दाजींनी बांधलेलं गाठोडंच तसंच्या तसं सीडीवर ठेवलं होतं.

पण सुटलेलं गाठोडं जागा मागतं, आणि मावशीचा जुना कॉम्प्युटर काठोकाठ भरलेला. गिऱ्हाइकांच्या फोटोंना ती हात लावेना. मग वर्षानुवर्षं जमवलेले डोंगर, बागा, राजवाडे एकेक करून पुसू लागली. मी नको नको म्हणत होतो. शेवटी एक धबधबा तेवढा ठेवला.

"लोक माझ्याकडे आपलं तोंड बघायला येतात, डोंगर बघायला नाही," म्हणाली.

साचा निघाला. तिनं सीडी अगदी सावकाश राइट केली, आणि ती घेऊन स्वतः आमच्या घरी आली. दादाला बळंच खुर्चीत बसवलं. यंत्र बराच वेळ गरगरलं. दादा उठायलाच निघाला होता, तेवढ्यात ते नाकातून बोललं. दादाचं बोट चाचपडत एका कळेवर गेलं. यंत्र म्हणालं, "क." त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा "क."

"मावशी, याला सर्दी झालीय," दादा म्हणाला.

"तुझी गोष्ट ऐकून बरा होईल. अर्धी राहिलीय ना ती?"

पुढे कितीतरी दिवस गावातल्या सगळ्या लग्नांच्या फोटोंत एकच धबधबा कोसळत राहिला. माझ्याही मागे तोच आहे. पाहुणे हसतात. मी त्याला मनातल्या मनात हात जोडतो.

त्या दिवशी मावशी चहालाही थांबली नाही. चपला घालून गल्लीनं चालू लागली. दारात मी उभा होतो, पण तिला पोचवलं ते दादानं. कळांवरचं बोट तसंच ठेवून, गल्लीकडे तोंड करून, तिच्या चपलांचा आवाज विरेपर्यंत.