त्यागाचा डबा

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. देवाच्या कृपेबद्दल लिहिणाऱ्यांचा सूर बहुधा मऊ असतो. माझा तसा लागणार नाही. ज्या कृपेबद्दल मी सांगणार आहे ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिच्यावर डाफरलो होतो, आणि खरं सांगायचं तर अजूनही अधूनमधून डाफरतो.

सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. चर्चच्या पंचमंडळात बरीच वर्षं आहे, रविवारच्या शाळेत तर त्याहून जास्त. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस उपवासाच्या दिवसांत आमच्याकडे एक प्रथा आहे, आणि ती मीच सुरू केली. बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्याला वरून फट पाडली. लेंटच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, उपासना संपली की तो डबा बाकांवरून फिरतो. या चाळीस दिवसांत प्रभूसाठी काय सोडणार ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं, नाव घालायचं नाही. पुढच्या रविवारी मी त्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचतो आणि पाळकसाहेब त्यांवर प्रार्थना करतात. गोड खाणं, मटण, मोबाईल, पान, सिरियल. लोक हसतात. एकदा कुणीतरी ‘जावेशी भांडण’ असं लिहिलं होतं, तेव्हा दोन बाकांवरच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. पोरं त्याला त्यागाचा डबा म्हणतात.

माझी चिठ्ठी दरवर्षी एकच असायची, ‘चहा’. शिवाय मी सकाळचं आणि दुपारचं जेवण सोडायचो. नाव नसलं तरी ती चिठ्ठी कुणाची हे सगळ्या चर्चला माहीत होतं, कारण ते माहीत राहील याची मी काळजी घेत होतो. कुणाच्या घरी गेलो आणि कप पुढे आला की मी हात असा आडवा धरायचो की घरातल्या सगळ्यांना दिसावा. बायको म्हणायची, “तुम्ही चहा सोडता, पण सोसायचं आम्हाला.” तिचं खरं होतं. बिनचहाचा मी चाळीस दिवस सगळ्यांवर खेकसत असे, आणि त्यालाही मी भक्तीच समजत होतो.

तर त्या रविवारी मी चिठ्ठ्या वाचत होतो. आठवी की नववी चिठ्ठी उघडली आणि सवयीने मोठ्याने वाचून टाकली, “आयर्लंडची नोकरी.” वाचून झाल्यावर अक्षर ओळखीचं वाटलं. ‘ड’ला खाली लांब शेपटी काढायची सवय मीच तिला मोडायला सांगत आलो होतो. ते माझ्या लेकीचं, शलोमीचं होतं.

शलोमी नर्स आहे. आयर्लंडच्या एका दवाखान्यात तिची निवड झाली होती, व्हिसा आला होता, जायची तारीख ठरली होती. सगळ्या गल्लीला पेढे वाटून झाले होते. मंद्रूपच्या पुढे, फाट्यापासून आत, कुष्ठरोग्यांसाठी एक छोटं आश्रयस्थान आहे. तिथली म्हातारी नर्स निवृत्त झाली म्हणून जायच्या आधी महिनाभर मदतीला म्हणून ही गेली होती. महिनाभर, असं मला सांगितलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चर्चच्या दारातच मी तिला धरलं. ती म्हणाली, “पप्पा, घरी बोलू.” घरी ती बोलली ती इतकंच, की तिथे रोजच्या मलमपट्ट्या करायला कुणी नाही आणि ती राहणार आहे. मी ओरडलो. शिकवलं कशासाठी, लोकांचे कुजलेले पाय धुवायला? हे शब्द मी उच्चारले. ख्रिस्ताच्या नावाने एवढी वर्षं शिकवणारा मी, माझ्या जेवणाच्या टेबलावर, बायकोसमोर. शलोमीने ताट उचललं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने निघून गेली.

मी पाळकसाहेबांकडे गेलो. म्हटलं, तुम्ही समजवा तिला, तुमचं ऐकेल. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “सर, गेल्या वर्षी संपूर्ण समर्पणावर तीन आठवडे वर्ग घेतला तो तुम्हीच ना?” मी म्हटलं, तो वर्ग होता. ते म्हणाले, “ती त्या वर्गात बसली होती.” मला त्यांचाही राग आला. मला देवाचाही आला, आणि तो मी प्रार्थनेत लपवला नाही. मी विचारलं, मी चहा दिला होता, तेवढ्याने भागत नव्हतं का? माझ्या पोरीकडे हात घालायची काय गरज होती? त्या आठवड्यात माझ्या सगळ्या प्रार्थना अशा भांडणाच्याच होत्या.

लेंटच्या तिसऱ्या आठवड्यात मी ठरवलं, जाऊन तिला घेऊनच यायचं. तिचा पासपोर्ट माझ्या कपाटात होता, घरचे सगळे कागद मीच सांभाळतो. तो मी खांद्याच्या पिशवीत घातला. पासपोर्ट हातात ठेवीन, तारीख दाखवीन, मग बघू कशी नाही म्हणते. बायको म्हणाली, “काहीतरी खाऊन जा.” मी म्हटलं, उपवास आहे. साखरेची गोळी मात्र घेतली. मला मधुमेह आहे, आणि माझा हिशेब असा होता की गोळी म्हणजे अन्न नव्हे, तेव्हा गोळीने उपवास मोडत नाही. आयुष्यभर पोरांना गणित शिकवलेल्या माणसाला एवढं कळलं नाही, की पोटात काही नसताना ती गोळी साखर उतरवत उतरवत कुठे नेईल.

मंद्रूपला उतरलो तेव्हा बाजाराचा दिवस होता. ऊन मार्चचं, पण सोलापूरचं. फाट्याकडे माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपा पलीकडे उभ्या होत्या. तिथपर्यंत चालताना हात थरथरायला लागले, घामाने सदरा भिजला, समोरच्या कांद्याच्या पोत्यांच्या कडा डोळ्यांपुढे हलायला लागल्या. मी कशाला तरी धरायला गेलो. पुढचं आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा मी एका जीपच्या पुढच्या सीटवर होतो आणि कुणीतरी माझ्या तोंडात काहीतरी गोड कोंबत होतं. टपरीवरून आणलेल्या साखरपाण्याचा पेला एका हातात आणि दुसऱ्या हाताची बोटं माझ्या ओठांशी. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी. “चावा सायेब, चावा. खजूर हाय,” तो म्हणत होता.

जरा तरतरी येताच मी पहिलं वाक्य काय बोललो असेन? आभार नाही. मी रागाने म्हटलं, “माझा उपवास आहे.”

“असू द्या की,” तो म्हणाला. “माजा बी हाय.”

त्या वर्षी रमजान आणि लेंट एकदमच आले होते, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं. त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते. सीटवर एक छोटा स्टीलचा डबा उघडा पडला होता, रिकामा. मी विचारलं, “मग हे खजूर?”

“दोनच व्हते, सांजच्याला सोडायला.”

“आणि आता?”

“सांजच्याला पाणी हाय की सायेब. आजारी माणसानं उपास करू न्हाई, आमच्यात बी तसंच हाय.” एवढं बोलून त्याने पेला पुन्हा माझ्या तोंडाला लावला.

तेव्हा मला त्याचा हात नीट दिसला. दोन बोटं आखडलेली, टोकाशी झिजून आखूड झालेली. कुष्ठरोगाची ती खूण मी ओळखतो. त्या बोटांनी माझ्या तोंडात घातलेला घास मी गिळून बसलो होतो. माझं अंग शहारलं, हे मी कबूल करतो. त्याने ते पाहिलंही असेल. त्याने हात मागे घेतला नाही, घाईही केली नाही. “बरा होऊन धा वर्सं झाली मला,” एवढंच म्हणाला, जसं कुणी रस्ता सांगावा तसं.

मग त्याने पासपोर्ट पुढे केला. “घरचा नंबर घावतो का म्हणून पिशवी बघितली, माफ करा. ह्या आपल्या सिस्टर न्हाईत का? तुमच्या कोण?”

फोटोतली शलोमी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “मुलगी.”

त्याने जीपच्या मागे बसलेल्या लोकांना सांगितलं की ही गाडी आता फाट्याच्या आत जाणार, घाई असेल त्यांनी दुसरीत बसावं. कुणी कुरकुरलं नाही. “सिस्टरचे वडील हाईत,” एवढं तो म्हणाला आणि एका बाईने माझ्या डोक्यावर आपल्या पिशवीतला ओला टॉवेल ठेवला. जो कागद मी माझ्या लेकीला दूर पाठवायला घेऊन निघालो होतो, त्याच कागदाने मला ओळख दिली आणि तिच्या दारात नेऊन सोडलं. याला कुणी योगायोग म्हणावं, मी वाद घालणार नाही. वादाची हौस मला भरपूर आहे, पण यावर नाही.

शलोमी ओसरीत ठेंगण्या स्टुलावर बसली होती. समोर एक म्हातारी, तिचा पाय पाण्याच्या पसरट भांड्यात. जीपवाल्या रशीदभाईंनी, हे नाव मला वाटेत कळलं, दोन वाक्यांत सगळं सांगितलं. शलोमी उठली, हात धुतले, माझ्या बोटाला सुई टोचून साखर बघितली, मला बिस्किटं खायला लावली आणि चहाचा कप माझ्या हातात दिला. तीन आठवड्यांनंतरचा पहिला चहा. मी तो निमूटपणे प्यायलो.

“उपाशीपोटी गोळी घ्यायला कुणी सांगितलं होतं?” तिने विचारलं.

“प्रभूसाठी उपवास होता.”

“प्रभूनं तुमच्याकडं चहा मागितला होता?”

मी पासपोर्ट काढून तिच्यापुढे धरला. तारीख सांगितली. आईचं सांगितलं, माझ्या वयाचं सांगितलं, एवढ्या वर्षांच्या मेहनतीचं सांगितलं. आवाज चढला होता माझा. ती पुन्हा स्टुलावर बसून म्हातारीचा पाय कोरडा करत होती. तिने मान वर न करता म्हटलं, “पप्पा, तो डबा तुम्ही सुरू केलात. तुम्ही दरवर्षी विचारता, काय सोडणार. मला वाटलं, खरंच विचारताय.”

पुढे केलेला पासपोर्ट मी मागे घेतला.

ती म्हातारी इतका वेळ आमचं ऐकत होती. ती म्हणाली, “मास्तर, लेकीला न्यायला आलाव व्हय? न्या की. तुमचीच हाय. फकस्त माझी पट्टी हूं द्या, मग न्या.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. लोक तिला सोडून जाताना तिने बरेचदा पाहिलं असावं, आणि तेवढी पट्टी पुरी होण्यापुरतीच तिची मागणी उरली होती. त्या क्षणी मला पहिल्यांदाच माझा स्वतःचा राग आला.

मी पासपोर्ट शलोमीच्या स्टुलाशेजारी ठेवला. म्हटलं, “तुझी वस्तू आहे. तूच ठेव.” ती तारीख येऊन गेली तेव्हा ती तिथेच होती, आजही आहे.

संध्याकाळी रशीदभाईच मला मंद्रूपला सोडायला आले. वाटेत त्यांनी घड्याळ बघून जीप कडेला घेतली. डबा रिकामा होता. शलोमीने मला दिलेला बिस्किटांचा पुडा माझ्या पिशवीत होता. तो फोडून मी हात पुढे केला. त्यांनी त्या आखूड बोटांनी एक बिस्कीट उचललं, डोळे मिटून काहीतरी म्हटलं, आणि पाण्याचा घोट घेतला. मग त्याच बोटांनी एक बिस्कीट मला दिलं. या वेळी माझं अंग शहारलं नाही.

चर्चमधले लोक आता मला भेटून म्हणतात, सर, केवढा मोठा त्याग केलात तुम्ही. याने माझं डोकं फिरतं. मी काहीएक त्याग केलेला नाही. मी तिला घट्ट धरून बसलो होतो, माझी मूठ उघडून तिला घेतलं गेलं, आणि उपाशी मरू नये म्हणून वर तोंडात खजूर घातला गेला. त्याग तिचा, खजूर रशीदभाईंचा, माझा फक्त आरडाओरडा. आणि हेच लोक, जे हात जोडून मला हे सांगतात, त्यांच्यातलं एकही माणूस अजून त्या फाट्याच्या आत गेलेलं नाही. मीही लेक गेली नसती तर गेलो नसतो, म्हणून गप्प बसतो. आता मी दर गुरुवारी जातो. पट्ट्या मला जमत नाहीत. पाण्याचं भांडं भरून देतो, ओतून आणतो. पाय धुताना म्हाताऱ्या मला हसतात, आणि मला त्याचं बरं वाटतं. प्रभूने माझ्यासारख्या भांडकुदळ माणसालाही दाराबाहेर ठेवलं नाही, यासाठी मी त्याचे आभार मानतो, तेही भांडणाच्याच सुरात.

यंदा राखेच्या बुधवारी डबा माझ्या बाकापाशी आला. सवयीने मी पेन काढलं आणि ‘च’ लिहायला गेलो. थांबलो. आपण काय द्यायचं हे आपणच ठरवतो तोवर ते दुकानातल्या खरेदीसारखंच राहतं, हे मला कळून चुकलं होतं. बायकोने कोपर मारलं, “टाका की, पुढं लोक थांबलेत.” मी कोरी चिठ्ठी घडी घालून टाकली.

रविवारी चिठ्ठ्या वाचताना ती माझ्याच हाती आली. मी उघडली, बघितली आणि पुढे सरकलो. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “काही लिहिलं न्हाई वाटतं,” आणि लोक हसले. मला हसू आलं नाही. त्या कोऱ्या कागदावर पुढे काय लिहिलं जाणार आहे याची मला खरोखर भीती वाटते. ती मी घरी आणली आहे. कपाटात पासपोर्ट असायचा, त्या जागी ठेवली आहे.