धुतलेलं चालत नाही

अझेमिना पुर्कोविचला तुझला शहरातल्या त्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं झाली होती आणि बावीसही वर्षं तिने कुरकुर करण्यात घालवली, असं बरोबरचे लोक म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या हाडांचे तुकडे तिच्यापुढे येत. ती ते घासायची, दळून पीठ करायची, रात्रभर औषधात भिजत घालायची आणि त्यातून डीएनए काढायची. मग तो नातेवाइकांच्या रक्ताशी जुळवून बघायची. हाड मोठं चिवट, रक्त मात्र सरळ: बोटाला टोचा, कागदावर चार थेंब घ्या, झालं. हाडांबद्दल तिची तक्रार नव्हतीच. तिचं डोकं फिरायचं ते जिवंत माणसांमुळे.

दर गुरुवारी नमुने घेण्याच्या खिडकीत तिची पाळी असे. तिथेच दर तीन-चार महिन्यांनी डोंगरातल्या गावाहून बसने शेवका आजी येई. ऐंशीच्या घरातली, डोक्याला पांढरा रुमाल, हातात गाठोडं. तिचा एकुलता एक मुलगा सेनाहिद. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात युद्ध पेटलं तेव्हा सैनिक त्याला घरातून घेऊन गेले, ते आजतागायत पत्ता नव्हता.

पहिल्या खेपेला आजीने त्याचा शर्ट आणला. कडक इस्त्रीचा.

"दर बायरामच्या सणाला धुते," आजी अभिमानाने म्हणाली.

"दर वर्षी?"

"मग काय मळका ठेवू? कुणी पाहिलं तर काय म्हणेल?"

अझेमिनाने कपाळावर हात मारून घेतला. इतक्या धुण्यांनंतर त्या शर्टात सेनाहिद नाही, साबणच उरला होता.

दुसऱ्या खेपेला कंगवा आला, उकळत्या पाण्यातून काढून वर ब्लीचमध्ये बुडवलेला. ब्लीचने डीएनएचा पार भुगा होतो, हे अझेमिनाने पाच वेळा सांगितलं. आजीने पाचही वेळा मान डोलावली आणि म्हणाली, "पण बघ, कसा चकचकीत झालाय!"

तिसऱ्या खेपेला रिबिनीत बांधलेली बट आली. सेनाहिदचे पहिले केस, रीतीप्रमाणे मान म्हणून काकाने कात्रीने कापलेले.

"कापलेले! अहो, मुळाशिवाय केसाचा काय उपयोग? मुळासकट असते तर काहीतरी निघालं असतं!"

"म्हणजे तान्ह्या बाळाचे केस उपटायचे? तू बाई आहेस का कसाई?"

"आजी, हे सगळं राहू द्या. चार थेंब रक्त द्या तुमचं. आईचं रक्त असलं की काम सोपं होतं."

"माझं चालायचं नाही."

"सगळ्यांचं चालतं, तुमचं काय सोन्याचं आहे?"

"नाही म्हटलं ना!"

असं दर वेळी. आजी गेली की अझेमिना दाणदाण कपाटं आपटायची आणि तरीही तो कंगवा, ते केस तपासून बघायची. हाती शून्य. आपण हे का करतो, याचाही तिला संताप यायचा.

चौथ्या खेपेला खळ घातलेला उशीचा अभ्रा आला आणि अझेमिनाचा तोल सुटला. "देवाने आपल्या बायकांना अक्कल कमी आणि साबण जास्त दिलाय! रक्त द्यायचं नसेल तर येऊ नका. तुम्हाला पोरगा सापडायलाच नकोय!"

हे बोलायला नको होतं. आजीने खिडकीत तोंड घातलं आणि आवाज खाली आणला.

"मी त्याला जन्म नाही दिला. तीन महिन्यांचा असताना आणला. मी आणि माझा नवरा, दोघांनाच ठाऊक होतं."

अझेमिनाला लाज वाटली आणि तेवढाच रागही आला. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"गावाला सांगितलं नाही, तुला का सांगू?"

"बरं. त्याने तोंडाला लावलेलं, तुम्ही न धुतलेलं, असं घरात काहीतरी असेल?"

"माझ्या घरात न धुतलेलं काही नसतं." आजीने गाठोड्याची गाठ सोडली. "कागद तेवढा धुता येत नाही."

तिने तळातून, नेहमी जवळ बाळगलेला, एक लिफाफा काढला. बंद. कधीच न उघडलेला. एक्क्याण्णवच्या शेवटी कुणाला तरी कुठून सुगावा लागला आणि त्याने सेनाहिदच्या कानात विष ओतलं की ही तुझी आई नव्हे. तो न बोलता स्लोव्हेनियात बांधकामावर निघून गेला आणि मग हे पत्र आलं. आजीला वाचता येत नव्हतं, आणि आत काय असेल या भीतीने तिने कुणाला दाखवलंही नाही. बायरामला तो परत आला.

"म्हणाला, पत्र मिळालं ना? मी म्हटलं, मिळालं. म्हणाला, मग? मी म्हटलं, मग काय, जेवायला बस. पुन्हा विषय नाही. आणि उन्हाळ्यात..."

"लिफाफा त्याने जिभेनेच चिकटवला असेल?"

"जीभ ही एवढी बाहेर काढून. लहानपणापासूनची खोड."

अझेमिनाने हातमोजे चढवले, तोंड बांधलं आणि डिंकाची पट्टी नाजूक हाताने कापून घेतली. आतला कागद तिने आजीपुढे सरकवला. आजीने तो परत सरकवला. "वाच."

"आई, इथे फार थंडी आहे. तू विणलेले करडे लोकरीचे मोजे दोन जोड पाठव. गाय व्याली का? तुझा सेनाहिद."

"पुढे?"

"एवढंच."

"मागच्या बाजूला?"

"कोरं आहे, आजी."

आजीने खिडकीची कड घट्ट धरली. "मोजे! सत्तावीस वर्षं माझ्या घशाखाली घास उतरला नाही, आणि गाढवाला मोजे हवे होते! ‘मग?’ म्हणाला तो मोज्यांबद्दल!" आणि ती तिथेच ढसाढसा रडली.

पट्टीवरची लाळ बोलली. जुळणारं हाड अकरा वर्षं अझेमिनाच्याच फडताळात, खिडकीपासून दहा पावलांवर पडून होतं. त्याचा तुकडा तिनेच दळला होता; बाकीचा सांगाडा शेजारच्या इमारतीत होता. त्या दिवशी तिने फडताळाचं दार तीनदा आपटलं.

ओळख पटल्याच्या कागदावर सही करायला आजी आली तेव्हा तिच्या हातात छोटं पुडकं होतं. करडे मोजे, दोन जोड.

"त्याच्याबरोबर ठेव."

"तसा नियम नाही, आजी. कफनात दुसरं काही ठेवलं तर इमामसाहेबही रागावतील."

"त्यांना सांगू नकोस."

अझेमिनाने मोजे उचलून नाकाशी नेले. साबणाचा वास आला.

"धुतलेत?"

"म्हणजे काय! दोनदा."

"बरं केलंत," अझेमिना म्हणाली आणि मोजे घेऊन शेजारच्या इमारतीत, जिथे सेनाहिद होता, तिकडे निघाली.