एक किलोची जोडी

उमरग्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी आपल्या घराच्या पुढच्या खोलीत बायकांना डंबेल्सचे व्यायाम शिकवते. ओढणी कमरेला खोचून आकडे इतके सावकाश मोजते, की तीन म्हणेपर्यंत दंड थरथरतात. डंबेल आदळलं, तर तिच्या कपाळाला आठी पडते. "उचलणं सोपं हाय, काकू. उतरवताना घाई कायको? आहिस्ता."

माझ्या मोडलेल्या हाताचं प्लास्टर निघालं, पण हात वर जाईना. डॉक्टरांनी हलका व्यायाम सांगितला, म्हणून मी तिच्याकडे गेले. तिनं एक किलोची जोडी दिली. खांद्यापर्यंत नेतानाच हात लटपटला आणि मागून कुणीतरी खुदकन हसलं. मी डंबेल्स ठेवून चपला घालायला लागले.

स्वतःची दहा किलोची जोडी बाजूला ठेवून तिनं एक किलोची उचलली आणि माझ्या शेजारी उभी राहून मोजायला लागली. पंधराव्या वेळेला तिच्याही कपाळावर घाम आला. "बघा," ती सगळ्यांना म्हणाली, "नीट केलं की एक किलो बी लई असतं."

मी चपला काढल्या.

तीन महिन्यांनी माझी वेणी मी माझ्या हातानं घातली आणि तिला दाखवायला गेले. तिनं वेणीवरून हात फिरवला. "छान," म्हणाली, "आता दोन किलो."