अमेरिकेचा कौल आणि बाळंतिणीची खोली

माझं पहिलं बाळंतपण अमेरिकेतल्या निवडणुकीनं अडवून धरलं होतं, असं मी सांगितलं की नातवंडं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत बापडी. मी त्या घरात होते, ती नव्हती.

अमेरिकेतल्या आपसांतल्या लढाईचं ते चौथं वर्ष. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. माझं सासर अमरावतीजवळ. तिथे ज्यांनी जन्मात घोड्यावर मांड ठोकली नव्हती, ते घोड्यावरून बाजाराला जायला लागले होते. एकानं तर बैलाच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या आणि मग बैलाला एकटं सोडायची त्याला भीती वाटू लागली. नुसती धमाल होती.

सातव्या महिन्यात बाबा मला बैलांच्या दमणीतून माहेरी घेऊन आले. आमचं गाव अकोल्यापासून दोन कोसांवर. दारात पाऊल टाकलं आणि बघतच राहिले. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, आणि मधली बिनखिडकीची खोली, जिथे मायनं आम्हा सगळ्या भावंडांना जन्म दिला, ती पार आढ्यापर्यंत भरलेली. एक ठिणगी पडली तर सगळं भस्म होईल, म्हणून चूलसुद्धा अंगणात नेली होती. आता बाळंतिणीला पहिले दहा दिवस बाजेखाली शेगडी लागतेच. ओव्याची धुरी लागते, शेक लागतो. कापसाच्या घरात ती पेटवणार कुठे?

मायनं पहिल्याच दिवशी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, विकू की, थोडं थांब. कापूस कधी विकायचा हे बाबांच्या लेखी आता अमेरिकेवर ठरणार होतं.

ही अमेरिका आमच्या घरात आणली पंतोजींनी. ते अकोल्यात मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात शाळा चालवायचे. मुंबईचं वर्तमानपत्र आलं की तट्टावर बसून आमच्याकडे यायचे आणि ओसरीत कापसावरच बसून वाचून दाखवायचे. मी आणि माय दाराआडून ऐकायचो. पंतोजी सांगायचे, तिथला राज्याचा मोठा माणूस लोकांच्या कौलानं ठरतो. आहे तो माणूस म्हणतो, लढाई शेवटास नेणार. त्याच्याविरुद्ध एक पक्ष उठलाय, तो म्हणतो, लढाई मोठ्यांची, मरतात गरिबांची पोरं. आम्हाला कौल द्या, पोरं घरी आणतो. या पक्षाच्या मागे तिथली गावंच्या गावं लोटतायत, मशाली घेऊन मिरवणुका निघतायत, रस्ते पुरत नाहीत. तो पक्ष जिंकला तर लढाई संपणार, तिकडचा कापूस मोकळा होणार आणि आमचा भाव कोसळणार. नुसत्या या बातमीनंच भाव घसरायला लागला होता. अमरावतीच्या व्यापाऱ्यांनी घाबरून मिळेल त्या भावात माल विकायला काढला होता. कौल तर तिकडे देऊन झाला होता, पण बातमी जहाजानं येणार, म्हणजे महिना-दीड महिना.

मला या गोष्टीचं असं वेड लागलं की विचारू नका. पोटातलं बाळ लाथ मारायचं आणि मी मनात मिरवणुकीतल्या मशाली मोजत असायची.

एकदा बाबांनी पंतोजींना विचारलं, कौल देतात तो कसा, ओरडून की हात वर करून? पंतोजी म्हणाले, कागद पेटीत टाकून. बाबा एकदम ताठ बसले. खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी पंतोजींच्या हातावर टाकला आणि खाली स्वतःचा हात घातला. आमच्याकडे कापसाचा सौदा असाच व्हायचा. तोंडानं दलाल वाटेल ते बोलायचा, खरा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. बाबांनी तोंडानं मोठ्यानं एक भाव पुकारला आणि रुमालाखाली पंतोजींची बोटं दाबली. पंतोजी हसले. बोटांनी भाव वेगळाच सांगितला होता.

"बोंबलनारा तोंडानं बोंबलते," बाबा म्हणाले. "सौदा त रुमालाखाली हाय न? मशालीवाला जिकत नाई. मी कापूस इकत नाई."

गावातल्या साऱ्यांनी विकला, बाबांनी नाही. मला त्यांचा असा अभिमान वाटला! आणि माय? माय त्या रात्री माझ्या पाठीला तेल लावताना एवढंच म्हणाली, दिवस भरत आले.

बातमीच्या आधी माझंच पोट दुखायला लागलं. दुपारची वेळ. माय अंगणात आली, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ मधल्या खोलीकडे निघाली. बाबा दारात उभे राहिले. कापूस बाहेर काढला तर दवानं भिजेल, भिजलेल्याला कोण विचारतो, चार दिवस कळ काढ, असं ते सांगत होते.

"त्या अमेरिकेतला मानूस ठरेपर्यंत माही पोर थांबनार हाय काय?" माय म्हणाली.

बाबा दारातून बाजूला झाले. मायनं गल्लीतल्या बायांना हाक मारली. सात-आठजणी आल्या, कमरेला पदर खोचून. साऱ्या वेचणीच्या बाया, कापसाला त्यांच्याइतकं कोण ओळखणार! कवेत घेऊन कापूस बाहेर जाऊ लागला आणि अंगणात पांढरा डोंगर उभा राहिला. मी खांबाला धरून कळा देत होते आणि मधेच मला हसू येत होतं, कारण बायांच्या केसांना, भुवयांना कापूस चिकटून त्या क्षणात म्हाताऱ्या झाल्या होत्या. बाबा जाडीभरडी चवाळी आणून डोंगर झाकायला लागले. खोली रिकामी झाली, सारवली गेली, शेगडी पेटली. दिवेलागणीला मला मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंतोजींचं तट्टू धावत आलं. मशालीवाले हरले होते. आहे तोच माणूस राहिला, लढाई चालूच राहणार, अकोल्यात भाव चढलाय. बाबांनी अक्षरशः उडी मारली. चवाळी उचलून पाहिली, वरचा थर तेवढा ओलसर, आतला खडखडीत कोरडा. गावकरी जमले. बाबा ताटातून गूळ वाटू लागले. कोणी विचारलं, हा कशाचा? बाबा नुसते हसले.

आत मी बाजेवर पडून सगळं ऐकत होते आणि खरं सांगते, मलाही उठून नाचावंसं वाटत होतं. माय माझ्या मुलीला मांडीवर घेऊन शेकत होती. तिनं दार थोडं उघडून पंतोजींना विचारलं, "पंतोजी, तिथं रुमालाखाली बायाइचा हात होता काय?"

पंतोजी म्हणाले, नाही, बायांना तिथे कौल देता येत नाही.

"मंग ज्याइची पोरं लढाईत हायेत, त्याइले कोनी इचारलंच नाई," माय म्हणाली आणि शेगडीवर हात धरून पुन्हा मुलीचं पोट शेकायला लागली.

तिचं बोलणं अंगणात बाबांच्याही कानावर गेलं. पुढे कधीतरी पंतोजींनीच मला सांगितलं, की तो पक्ष जिंकता तर तिथले कापूस वेचणारे गुलाम गुलामच राहिले असते. तेव्हा त्या दिवशी बरं झालं की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही. पण मायचा प्रश्न खरा होता.

थोड्या वेळानं बाबा दारापर्यंत आले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नसतं, म्हणून त्यांनी गुळाचं ताट उंबऱ्यावर ठेवलं.

"नात झाली म्हून हाय हा गूळ," ते म्हणाले, अंगणाला ऐकू जाईल असं. आमच्या गावात मुलीच्या जन्माला तोवर कोणी गूळ वाटला नव्हता.