अठराव्या पिढीची मादी

लवळ्याच्या टेकडीवर, विद्यापीठाच्या आवारात, मी पाच वर्षं उंदरांचं एक कूळ वाढवत होते. सख्ख्या भावाला सख्खी बहीण, असं पिढ्यानपिढ्या. वीस पिढ्यांनंतर सगळे उंदीर रक्ताने जवळजवळ एकसारखे होतात. मग लठ्ठपणात आनुवंशिकतेचा वाटा किती, हे तपासता येतं. माझी अठरावी पिढी चालू होती. त्यातली एकच मादी व्यायली होती. आठ पिल्लं.

शेजारी नव्या वसतिगृहासाठी खडक फोडत होते. सुरुंग लावायच्या आधी आम्हाला कळवायचं ठरलं होतं. मंगळवारी दुपारी कुणी कळवलं नाही. भिंत हादरली, पिंजरे खडखडले. मी धावत गेले तर मादी एका पिल्लाचं डोकं चावत होती आणि ते अजून हलत होतं. बाजूला फाटलेली पोटं. मी हात घातला, तर तिने माझ्या बोटात दात रोवले. मी झटकलं, तशी ती परत पिल्लांवरच गेली.

पिंजरे साफ करणाऱ्या मावशी माले गावाहून यायच्या. त्यांनी मला बाजूला ढकललं आणि उरलेली तीन पिल्लं ओंजळीत घेतली.

"दुसरी कुनी व्यालीया का?"

"ती काळी, दुसऱ्या कुळातली."

काळीच्या पिंजऱ्यातला भुसा त्यांनी पिल्लांना हलकेच चोळला, तिचा वास लागावा म्हणून, आणि पिल्लं तिच्या पिल्लांत सरकवली.

इकडे मादी कोपऱ्यात तोंड पुसत बसली होती. मिशांना रक्त. उंदीर कसा मारायचा हे मला शिकवलेलं होतं: एका झटक्यात, त्याला न कळता. मी तसं केलं नाही. शेपटीला धरून तिला ओट्यावर आपटलं. पहिल्यालाच मेली असावी. मी तीनदा आपटलं.

"ती भ्याली म्हून तिनं पिल्लं मारली," मावशी म्हणाल्या. "तुमी कशापायी मारली, ताई?"

नोंदवहीत मी 'पिल्लं खाल्ल्यामुळे काढून टाकली' असं लिहिलं. संध्याकाळी ते खोडलं आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना खरं सांगितलं. त्यांनी उंदरांच्या खोलीची किल्ली मागून घेतली.

महिन्याभराने मावशी फाटकाशी भेटल्या. तिन्ही पिल्लं जगली होती.

"तिन्ही माद्याच हायेत. भाऊ न्हाई, म्हून बापालाच लावनार म्हनत्यात सर."

म्हणजे कूळ टिकणार होतं. मी विचारलं, "मावशी, माझ्यावर राग आहे का तुमचा?"

"व्हय," त्या म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.