मामूंचा आडू

कलमवाल्या मामूंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते स्टुलावर उभे राहून एका हिरव्यागार झाडाची पानं तोडत होते. वाळकी नव्हे, चांगली तजेलदार पानं. ओरबाडत नव्हते. एका हातानं फांदी धरायची, दुसऱ्या हातानं देठ मागं दुमडायचा आणि पान खाली सोडायचं. मामी मागून "उतरा, पडाल" म्हणत होत्या आणि मामू "हाव, हाव" म्हणत पुढची फांदी धरत होते. डिसेंबर होता. दोन दिवसांनी परसात एकही पान नसलेलं झाड उभं होतं आणि त्याच्याखाली मामू समाधानानं चहा पीत बसले होते.

हे सगळं मी वरच्या खिडकीतून पाहिलं. विचारलं काही नाही. मेडिकलच्या क्लासेससाठी मी मुदखेडहून लातूरला आले होते. मामूंच्या वरच्या मजल्यावर आम्ही चौघी मुली भाड्यानं राहत होतो. शाळा इंग्रजी, घर मराठी आणि दोन्हीकडे मी गप्प. जिन्यात भेटले की मामू म्हणायचे, "काय बेटा, आज किती शब्द खर्च केले?" मी नुसती हसायचे. "ऱ्हाऊ दे, परीक्षेला लागतील."

मामूंनी आयुष्यभर आंब्याची कलमं बांधली. भूकंपानंतर उजाड माळावर नवी गावं वसली, तेव्हा ते सायकलला रोपं बांधून तिकडं जायचे. "सरकारनं घरं दिली, सावली कोण देणार?" असं त्यांचं म्हणणं. भूकंपाबद्दल याहून जास्त ते एकदाच बोलले. "भिंती पडल्या बेटा, कडुलिंब उभे होते. तवापासून भिंतीवर माझा लई भरोसा न्हाई." त्यांच्या तोंडी झाड कधी मरायचं नाही, ते रुसायचं. कुणी सुकलेलं रोप घेऊन आलं की नखानं साल खरवडून आत हिरवं आहे का बघायचे आणि सांगायचे, "रुसलंय. आठ दिवस त्याच्याशी बोलू नका."

परसातलं झाड पीचचं. मामू त्याला आडू म्हणायचे. कुणा रोपवाल्यानं "हे कमी थंडीतही येतं" असं सांगून त्यांच्या हाती दिलेलं. चार वर्षांत झाड वाढलं, फूल मात्र आलं नाही. शेजारचे किराणावाले अप्पा रोज विचारायचे, "मामू, काश्मीर कुठवर आलं?"

"परभणी सोडलीय. येऊन राहिलंय."

मामूंच्या मुलाला, जावेदभाईंना, यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक परसात मुलींसाठी खोल्या उठत होत्या आणि यांच्या परसात बिनफळाचं झाड. एका सकाळी मी खाली पाणी भरत असताना त्यांचा आवाज ऐकला. "अब्बा, ये आखरी साल. फूल नै आया तो गर्मी में काट के खोल्या बांधने के."

मामू म्हणाले, "ठीक है. जबान दिया."

त्यानंतर चारच दिवसांनी मामू त्या स्टुलावर चढले होते. मी माझ्या हुशारीनं दोन्ही गोष्टी जोडल्या. मामूंनी हार मानली. कापताना जीव तुटू नये म्हणून आधीच झाड वाळवतायत. त्यांनी आळ्यात पाणी घालणंही बंद केलं, तेव्हा तर माझी खात्रीच झाली. खाली जाऊन एक प्रश्न विचारायचा होता. तो मला जमला नाही. त्याऐवजी रोज सकाळी, मामू दूध आणायला गेले की, मी बादलीभर पाणी आळ्यात ओतायचे आणि वर पाचोळा सारायचे. आयुष्यात पहिल्यांदाच आपण काहीतरी धाडसाचं करतोय, असं वाटायचं.

जानेवारीत झाडाला पोपटी पालवी फुटली, फूल मात्र एकही नाही. मी खूश. मामू मात्र फांदीची टोकं डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. "मी झोपवलं होतं याला," ते मामींना म्हणाले. "हे उठलं कसं?" मग मला कळलं. आमच्याकडं मोसंबीच्या बागेत पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग ते फुलावर येतं. इथली थंडी कच्ची, आडूला पुरत नाही, म्हणून मामूंनी पानं काढून, पाणी तोडून त्याला झोपवलं होतं. मी त्याला रोज बादलीनं उठवत होते.

जावेदभाईंनी गवंडी बोलावला. त्याच दिवशी मी खाली उतरले. सगळे परसातच होते.

"पाणी मी घातलं," मी म्हणाले. "रोज. बादलीभर. मला वाटलं, तुम्ही झाड मारताय."

मामू हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चेहरा मात्र उतरला. "इचारायचं ना बेटा," एवढंच म्हणून ते आत गेले. दोन दिवस जिन्यात भेटले तरी शब्दांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. ते मला क्लासमधल्या कमी मार्कांपेक्षाही जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी जावेदभाई आमच्या दाराबाहेर उभे राहून म्हणाले, "गवंड्याला सालभर थांबवलंय. झाडाची काय चूक? पण तुमच्या बादलीला कुलूप लावा." त्यांच्या मागं जिन्यात मामू हसू दाबत उभे होते.

त्या वर्षी माझाही नंबर लागला नाही. मामूंनी अप्पांना बातमी दिली, "घरात दोन रिपीटर हायेत. एक वर, एक परसात."

ते वर्ष मला आवडलं. रोज एक प्रश्न विचारल्याशिवाय मामू मला जिना चढू द्यायचे नाहीत. गोल कळी फुलाची, टोकदार कळी पानाची, हे मी तिथं शिकले. डिसेंबरात पानं आम्ही दोघांनी काढली, आणि जानेवारीत उघड्या काटक्यांवर गुलाबी फुलं आली. अप्पा गिऱ्हाईक सोडून पळत आले. "आलं की हो काश्मीर!"

खोल्या जावेदभाईंनी तरीही बांधल्या, पण भिंत झाडापासून मागं घेतली. कोपऱ्यातली खोली इतकी अरुंद झाली की तिच्यात एकच खाट मावते. उन्हाळ्यात पहिलं फळ मामूंनी कलमाच्या चाकूनं कापलं आणि पहिली फोड मुलाला दिली. "खट्टा है," जावेदभाई म्हणाले, आणि दुसरी उचलली.

मला मेडिकलला प्रवेश मिळाला, मी लातूर सोडलं. दोन वर्षांनी मामू गेले. मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परसात मामींजवळ बसून आले.

गेल्या डिसेंबरात वॉर्डाबाहेर उभी असताना जावेदभाईंचा फोन आला. "ताई, पाणी कधीपासून तोडायचं? अब्बा असताना आम्ही कधी लक्षच दिलं न्हाई."

फोनवर मी दोन वाक्यांपुढं जात नाही. त्या दिवशी मी विचारत सुटले. पानं पिवळी पडायला लागली का? आळ्यात बोट घातलं तर किती खोलवर ओल लागते? पहाटे अंगावर चादर पुरते की गोधडी लागते? कोपऱ्यातल्या खोलीतल्या मुलीला सांगितलंय का, की झाड मरत नाहीये?

"थांबा, थांबा ताई," जावेदभाई म्हणाले. "एकेक इचारा. लिहून घेतो."